बाळाच्या पहिल्या घासाला राजेळी केळे: पिकलेले द्यावे की कच्च्या केळ्याची पूड?

प्रश्न (नवी आई, पुणे)
माझी मुलगी येत्या सोमवारी सहा महिन्यांची होते आहे आणि उष्टावण झाल्यावर तिला वरचे अन्न सुरू करायचे आहे. माझे माहेर वसईचे. आईने राजेळी केळ्यांची फणी पाठवली असून पहिला घास त्याचाच द्यावा, असे तिचे म्हणणे आहे. शेजारच्या त्रिशूरच्या काकूंनी मात्र कच्ची केळी वाळवून दळलेली पूड आणून दिली, कारण त्यांच्याकडे बाळांना तिचीच खीर देतात. केळ्याने शी घट्ट होते, असेही घरात बोलले जाते. दोन्हींपैकी काय, कसे आणि किती द्यावे, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (कोचीत राहणारी मराठी आई)
ताई, आपली राजेळी म्हणजे इकडचे नेंद्रनच, त्यामुळे आई आणि काकू दोघीही एकाच केळ्याबद्दल सांगत आहेत. माझ्या दोन्ही मुलांना मी आधी पिकलेले दिले. साल पिवळी होऊन तिच्यावर काळे डाग पडू लागले, की केळ्याचे सालीसकट दोन तुकडे करून ते दहा-पंधरा मिनिटे वाफवावेत. साल फाटते आणि गर गडद पिवळा, मऊ होतो. मग केळे उभे चिरले, की मधोमध बारीक काळ्या बियांची दोरी दिसते, ती चमच्याच्या टोकाने काढून टाकावी. इकडच्या आज्या ही दोरी काढल्याशिवाय बाळाच्या तोंडात घास घालत नाहीत. उरलेला गर गाळणीवर घासून घ्यावा आणि त्यात आपलेच दूध घालून सैल करावा.

पूड वापरायची झाल्यास ती गार पाण्यातच कालवावी, कारण गरम पाण्यात गुठळ्या होतात आणि त्या पुन्हा मोडत नाहीत. मंद आचेवर सतत ढवळत, पांढुरकेपणा जाऊन खिरीला तुकतुकी येईपर्यंत शिजवावी. गूळ किंवा खडीसाखर घालण्याची इकडे पद्धत आहे, पण मी ती पाळली नाही.

उत्तर २ (बाल-आहारतज्ज्ञ)
गूळ घातला नाहीत, हे योग्यच केलेत; साखर आणि मीठही नको, आणि मध तर वर्षाच्या आत कधीच देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

मला खरी काळजी वाटते ती केळे रोज दिले जाण्याची. अशा 100 ग्रॅम केळ्यातून सुमारे 120 कॅलरी मिळतात, परंतु प्रथिने जेमतेम एक ग्रॅम आणि लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी असते. सहा महिन्यांनंतर बाळाची लोहाची गरज केवळ आईच्या दुधातून भागत नाही, म्हणून केळ्याने पोट भरून डाळ-तांदळाचे खिमट, नाचणी, अंडे किंवा नीट शिजवून वाटलेले चिकन मागे पडले, तर बाळ गुटगुटीत दिसूनही रक्त कमी राहू शकते. सुरुवातीला दोन-तीन चमचे, आठवड्यातून तीन-चार वेळा, एवढे केळे पुरे आहे.

शी घट्ट होण्याचे म्हणणे कच्च्या केळ्याबाबत निराधार नाही. त्यात न पचणारा स्टार्च आणि तुरट द्रव्ये जास्त असतात. बांगलादेशात जुलाब झालेल्या मुलांना शिजवलेले कच्चे केळे देऊन झालेल्या अभ्यासात जुलाब कमी झालेले आढळले आहेत. म्हणून पहिल्यांदा पिकलेलेच द्यावे, आणि पुडीने बाळ कुंथू लागले तर ती काही दिवस थांबवावी. पहिले तीन दिवस दुसरा नवा पदार्थ देऊ नये, म्हणजे पुरळ किंवा उलट्या कशाने झाल्या, ते कळते. ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. घरात कुणाला रबराची, म्हणजे लेटेक्सची, ॲलर्जी असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे.

उत्तर ३ (वसईची आजी)
बाळ, माहेराहून सुकेळी आली असतील, तर ती लहानगीला चघळायला देऊ नकोस. राजेळीचीच असली तरी ती चिवट असतात आणि घशात अडकू शकतात. भरवताना तिला मांडीवर ताठ बसव. आडवे धरून कधीही भरवू नये. तिने तोंड फिरवले, की चमचा खाली ठेव.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. आज एक केळे वाफवून पाहिले. दोरी अखंड निघाली. सोमवारी दोन चमचे पिकलेले देईन, गुरुवारपासून खिमट सुरू करीन, आणि पुडीचा डबा तूर्त वरच्या फळीवर ठेवला आहे.