मदत हवी आहे: सायकॉलॉजी-सोशिऑलॉजी पाठ होतंय पण डोक्यात शिरत नाहीये (जीएनएम म्हणजे नर्सिंग डिप्लोमा, फर्स्ट इयर)

नवी_सिस्टर

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी जीएनएम फर्स्ट इयरला आहे, बारावी आर्ट्समधून, मराठी मीडियम. बारा दिवसांनी सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा पेपर आहे, दोन्ही एकाच पेपरात. अ‍ॅनाटॉमी कशीबशी जमते कारण हाड हातात धरून बघता येतं, पण इथे नुसते शब्दच शब्द, मॅडम इंग्लिशमधून डिक्टेट करतात आम्ही उतरवून घेतो, हॉस्टेलला येऊन वाचलं की वाटतं समजलं आणि वही मिटली की सगळं गुल.

कुठे अडलंय ते सांगते. निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षाच ना? मी इंटरनलला "मस्ती केली म्हणून आईने फटका दिला, मुलाने मस्ती बंद केली" असं उदाहरण लिहिलं तर भोपळा मिळाला, का ते कुणी सांगितलं नाही. मग पाव्हलॉव्हचा कुत्रा, जेवणासोबत घंटा वाजवून वाजवून शेवटी नुसत्या घंटेनेच लाळ गाळणारा. यूसीएस, यूसीआर, सीएस, सीआर (यूसी म्हणजे अनकंडिशन्ड, न शिकवता होणारं, सी म्हणजे कंडिशन्ड, शिकलेलं; एस म्हणजे स्टिम्युलस, आर म्हणजे रिस्पॉन्स), कुत्र्याचं पाठ आहे पण उदाहरण बदललं की माझी चारही अक्षरं इकडची तिकडे होतात. डिफेन्स मेकॅनिझम (मन स्वतःला त्रासापासून वाचवायला करतं त्या युक्त्या) तर दहा-बारा आहेत आणि मला सगळे सारखेच वाटतात. आणि सोशिऑलॉजीत किनशिप म्हणजे नातेसंबंध, प्रायमरी सेकंडरी टर्शरी, क्रॉस कझिन पॅरलल कझिन. कुणी मराठीत समजावेल का? व्याख्या नकोत, त्या आहेत माझ्याकडे.

वॉर्डवाली_ताई

अगं भोपळा बरोबरच मिळाला तुला, रागावू नकोस. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं आणि निगेटिव्ह म्हणजे वाईट हे आधी डोक्यातून काढ. ते गणितातलं अधिक आणि वजा आहे. काहीतरी दिलं की अधिक, काहीतरी काढून घेतलं की वजा. आणि रिइन्फोर्समेंट म्हटलं की वागणं वाढलंच पाहिजे, कमी झालं तर ती पनिशमेंट. तुझ्या उदाहरणात मस्ती कमी झाली, म्हणजे पनिशमेंट, आणि फटका "दिला" म्हणून तीसुद्धा पॉझिटिव्ह पनिशमेंट. हसू नकोस, खरंच तसंच म्हणतात.

आता ओपीडीबाहेर बाकावर रोज दिसणारं बघ. पोरगं रडतं, आई मोबाईल देते, पोरगं गप्प. यात दोघंही शिकली. पोराला रडल्यावर मोबाईल मिळाला म्हणून रडणं वाढणार, हे पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट. आणि आईने मोबाईल दिल्यावर तो रडण्याचा कटकटीचा आवाज थांबला, म्हणून पुढच्या वेळी ती आणखी लवकर मोबाईल देणार, हे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. एकच सीन, दोन उत्तरं. कोणाचं वागणं विचारलंय ते आधी बघायचं. ऑपरंटचं, म्हणजे वागण्याच्या परिणामातून शिकण्याचं, उत्तर असेल तर स्किनरचं नाव टाक, पाव्हलॉव्हचं नको, घाईत पोरी हमखास उलटं लिहितात.

पाव्हलॉव्हला कुत्रा सोडून दे, पेडिअ‍ॅट्रिक वॉर्ड घे. सुई टोचली, बाळ रडलं. हे कुणी शिकवावं लागतं का? नाही. म्हणून दोन्ही "अनकंडिशन्ड", सुई यूसीएस आणि रडणं यूसीआर. पांढरा अ‍ॅप्रन बघून पहिल्या दिवशी बाळ रडत नव्हतं, हसत होतं. दोनचार इंजेक्शनं झाल्यावर आपण नुसत्या दारात उभ्या राहिलो तरी भोकाड. आता अ‍ॅप्रन सीएस आणि ते भोकाड सीआर. रडणं दोन्हीकडे आहे म्हणून तुझी अक्षरं फिरतात. रडणं बघून नाव देऊ नकोस, कशामुळे रडलं ते बघ. मग तेच बाळ सलूनमध्ये पांढरं कापड बघून रडलं तर जनरलायझेशन. आणि एखादी सिस्टर रोज येऊन सुई न टोचता नुसत्या गप्पा मारून गेली आणि हळूहळू रडणं थांबलं तर एक्स्टिंक्शन.

केमोच्या पेशंटचं तर मी स्वतः बघितलंय, औषध चढायच्या आधीच, हॉस्पिटलच्या वासानेच मळमळायला लागतं. औषध यूसीएस, वास सीएस. हे उदाहरण लिही, कुत्रा सगळ्याच लिहितात.

म्हणीवाला

डिफेन्स मेकॅनिझम माझ्याकडे लागले. मी एचआरच्या कोर्सला असताना म्हणी लावून पाठ केले होते, अजून विसरलो नाही. डिस्प्लेसमेंट म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. रॅशनलायझेशन म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, किंवा कोल्ह्याला द्राक्षं आंबट. प्रोजेक्शन म्हणजे चोराच्या मनात चांदणं. रिअ‍ॅक्शन फॉर्मेशन म्हणजे ओठात एक पोटात एक. आणि लेकी बोले सुने लागे हे पण डिस्प्लेसमेंटच. झालं, पाच मिनिटांचं काम.

नवी_सिस्टर

ताई तुम्ही तर डोळेच उघडले, मोबाईलचं उदाहरण आमच्या घरचंच आहे, माझा भाचा!! आणि म्हणीवाले दादा हे भारी आहे, मी लगेच उतरवून घेतलं.

एमए_अर्धवट

थांब, उतरवलेलं खोडायची तयारी ठेव. वडा आणि अंगण एकदम करेक्ट, कोल्हापण. पण बाकी तिघांत मार्क जातील.

डिफेन्स मेकॅनिझमची मुख्य अट म्हणजे माणसाला ते आपण करतोय हे कळत नसतं. अनकॉन्शस. लेकी बोले सुने लागे मधल्या सासूबाईंना पक्कं माहीत असतं की बाण कुणाला मारलाय, ती डिप्लोमसी झाली. डिस्प्लेसमेंट म्हणजे मोठे डॉक्टर राउंडला सिस्टरवर ओरडले, सिस्टर त्यांना काही बोलू शकली नाही, आणि मग मावशींनी बेडपॅन उशिरा आणलं म्हणून त्यांच्यावर फाटली. तिला विचारलंत तर ती शपथेवर सांगेल की चूक मावशींचीच होती.

ओठात एक पोटात एक यातही तेच, तो ढोंगी माणूस आहे, त्याला पोटातलं ठाऊक आहे. रिअ‍ॅक्शन फॉर्मेशनमध्ये पोटातलं स्वतःलाच सहन होत नाही म्हणून माणूस उलट्या टोकाला जातो. आजारी सासऱ्यांचं करून करून वैतागलेली सून, पण तो वैताग स्वतःशीही कबूल करता येत नाही, मग ती इतकी सेवा करते की म्हाताऱ्याला श्वास घ्यायला उसंत नाही.

आणि चोराच्या मनात चांदणं म्हणजे पकडले जाऊ ही धास्ती. प्रोजेक्शनमध्ये आपली भावना दुसऱ्याच्या माथी मारतो, मला ती आवडत नाही याऐवजी "तिलाच मी आवडत नाही". त्यासाठी कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं ही म्हण चालेल, नर्सिंगच्या पेपरला शोभेलही.

अजून एक, रिप्रेशन आणि सप्रेशन एकच समजू नकोस. सप्रेशनमध्ये मुद्दाम ठरवतो की आत्ता नको, ड्युटी संपल्यावर रडू. रिप्रेशनमध्ये आठवणच वर येत नाही. आणि हे कुणी मांडलं विचारलं तर सिग्मंड फ्रॉइडवर थांबू नको, या सगळ्यांची नीट मांडणी त्यांच्या मुलीने, अ‍ॅना फ्रॉइडने, १९३६ मध्ये केली.

म्हणीवाला

मान्य. म्हणजे इतकी वर्षं मी तीन चुकीचे पाठ करून बसलोय आणि तरी पास झालो, आमच्या सरांनाही माहीत नसणार 😄

रिटायर्ड_मास्तर

किनशिपचं मी सांगतो, हा विषय मी ज्युनिअर कॉलेजात बरीच वर्षं शिकवलाय. इंग्लिशमध्ये शिकलीस म्हणून हे अवघड वाटतंय बाळ, मराठीत हे तुला लहानपणापासून येतंय. इंग्रजाला सगळे कझिन, आपल्याकडे चार वेगळे शब्द आहेत. वडिलांच्या भावाची मुलं चुलत आणि आईच्या बहिणीची मावस, म्हणजे भाऊ-भाऊ किंवा बहीण-बहीण, एकाच लिंगाच्या भावंडांची मुलं. हे पॅरलल. आईच्या भावाची मामे आणि वडिलांच्या बहिणीची आते, तिथे भाऊ-बहीण अशी अदलाबदल झाली, हे क्रॉस. संपलं.

हे महत्त्वाचं का, तर लग्नामुळे. इरावती कर्वे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या, त्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात नात्यांच्या रीतीवरून देशाचे चार भाग पाडले. उत्तरेत यातलं कुठलंच लग्न चालत नाही, दक्षिणेत मामे-आते भावंडांत लग्न पसंत करतात, आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात. आपल्याकडे अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी केलेली चालते पण आत्याची मुलगी चालत नाही. ही ओळ लिहिलीस तर तपासणाऱ्याला कळेल की पोरीने नुसतं गाईड वाचलेलं नाही.

प्रायमरी-सेकंडरीसाठी मधली माणसं मोजायची. मध्ये कुणी नाही तर प्रायमरी: आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, असे आठ. मध्ये एक माणूस असेल तर सेकंडरी, मामा हा आईमार्फत. दोन असतील तर टर्शरी, मामी ही आई आणि मामा यांच्यामार्फत. मर्डॉक नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने सेकंडरीचे ३३ आणि टर्शरीचे १५१ प्रकार मोजलेत, आकडे तेवढे लक्षात ठेव, एमसीक्यूला येतात.

वॉर्डवाली_ताई

सोशिऑलॉजीत सिक रोल (आजारी माणसाची समाजातली भूमिका) पण बघून ठेव गं, समाजशास्त्रज्ञ पार्सन्सने १९५१ मध्ये मांडलेला. आजारी माणसाला दोन सवलती: रोजच्या कामातून सुटका, आणि आजाराचा दोष त्याच्यावर नाही. बदल्यात दोन जबाबदाऱ्या: बरं व्हायची इच्छा ठेवायची आणि जाणकाराची मदत घेऊन त्याचं ऐकायचं. पुढे टीका म्हणून दोन ओळी लिही की शुगरचा पेशंट पूर्ण बरा होत नाही, त्याची कामातून सुटका पण होत नाही, आणि टीबी-एचआयव्हीत लोक दोष पेशंटलाच देतात.

नवी_सिस्टर

सगळ्यांचे खूप खूप आभार, सकाळपासून मधली माणसं मोजतेय, हॉस्टेलच्या पोरी वैतागल्यात. बघा बरोबर आहे का: आजोबा सेकंडरी, नणंद सेकंडरी, भाचा सेकंडरी, चुलतभाऊ टर्शरी, नणंदेचा नवरा टर्शरी. एकच शंका, जाऊ. माझी सख्खी ताई आणि तिची जाऊ एकाच स्वयंपाकघरात, रोज चोवीस तास, मग ती प्रायमरी की सेकंडरी?

रिटायर्ड_मास्तर

मध्ये नवरा आणि दीर. टर्शरी. स्वयंपाकघर मोजायचं नाही, माणसं मोजायची. बाकी पाचही बरोबर.

नवी_सिस्टर

हे मी ताईला फोन करून सांगितलं, ती म्हणते तुझ्या मास्तरांना एक दिवस आमच्याकडे राहायला पाठव. 😂 उद्या मेमरीचा टॉपिक घेतेय, अडलं की इथेच विचारते.