घरातला नारिंगी रंग : ज्यांनी दिलाय त्यांनी अनुभव सांगा

मानेवाडा
दिवाळीआधी घर रंगवायचं आहे. हॉलची एक भिंत नारिंगी करावी असं फार मनात आहे. आपला नागपुरी संत्रा बाहेरून पुष्कळदा हिरवट-पिवळा असतो, पण सोललं की फोडीचा जो रंग दिसतो, तो हवाय. सासूबाई म्हणतात, "मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जाते, त्यात भिंत पण तापल्यासारखी दिसंल." कोणत्या भिंतीला दिला, किती हात लागले, आता कसं वाटतं, सगळं लिहा.

प्रतापनगर
सासूबाईंचं ऐका. आम्ही बेडरूमच्या चारही भिंती नारिंगी केल्या. शेडकार्डवरचा तुकडा जेमतेम टपाल तिकिटाएवढा, त्यावर भुललो. चारही भिंतींचा रंग एकमेकींवर पडतो आणि खोलीत तो दुप्पट गडद वाटतो. त्यात खिडकी पश्चिमेची. उन्हाळ्यात चार वाजता आत पाय ठेवला की डोळे दुखायचे. दोन वर्षांनी तीन भिंती ऑफव्हाइट केल्या. पलंगामागची तेवढी ठेवली आणि तीच आता आमची आवडती आहे.

महाल
आमचा अनुभव अगदी उलटा आहे. जुनं घर, जाड भिंती, आईची खोली उत्तरेला. ऊन तिथे कधीच येत नाही, दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. मागच्या वर्षी कोनाड्याची भिंत नारिंगी केली. पहिल्या रात्री जीव खट्टू झाला, रंग विटकरीसारखा मळकट दिसत होता. पेंटरदादा म्हणाले, "रंगाचा दोष नाही जी, ट्यूब पाहा तुमची." ट्यूब ६५०० केल्विनची, निळसर पांढरी. तिच्या जागी २७०० चा पिवळा बल्ब लावला आणि कोनाडा उजळला. समईची ज्योत त्या भिंतीवर हलते ना, ते बघत आई आता तिथेच जपाला बसते. याआधी ती दिवसभर ओसरीवर असायची.

धरमपेठ
कूलरच्या भिंतीला देऊ नका. ओल धरते, पोपडे येतात. डब्यात उरलेला रंग लावला तरी ठिगळ दिसतंच, शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत मारावी लागली.

इतवारी
माझं रंगाचं दुकान आहे, म्हणून किती हात लागतात तेच सांगतो. चटक नारिंगी आणि पिवळा हे रंग झाकायला कमजोर. खाली जुना हिरवा किंवा निळा असेल तर दोन हातांत भागत नाही, तिसरा लागतो, कधी चौथाही. आधी पांढरा प्रायमर माराच. भिंत खडबडीत असेल तर मॅट घ्या, चकाकीत पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. रंग एकाच वेळी बनवून घ्या, दुसऱ्या खेपेच्या डब्यात किंचित फरक पडू शकतो. आणि सॅम्पलचा छोटा डबा घेऊन दोन बाय दोनच्या पुठ्ठ्याला दोन हात द्या. वाळल्यावर तो जरा गडद होतो, म्हणून ओला असताना ठरवू नका.

मानेवाडा
सगळ्यांचे मनापासून आभार. पुठ्ठा परवा रंगवला. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी खरंच अंगावर आला, तिथला बेत रद्द. काल जेवणाच्या टेबलामागे, पूर्वेकडे लावला. सकाळी सासूबाई चहा घेऊन त्याच्यासमोर बसल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "इथं राहू दे." पेंटर सोमवारी येतोय.