शिंपले जिवंत आहेत म्हणजे गाळ चांगला?

कुणीतरी लिहिलंय की खाडीत तिसऱ्या (खायचे छोटे शिंपले) जिवंत सापडतायत, म्हणजे तिथला गाळ ठीक, प्रदूषण नसलेला असणार. मला हे पटत नाही. शिंपला मरण्याच्या कितीतरी आधी त्याचं वागणं बिघडतं.

चांगल्या वाळूवर ठेवलेला शिंपला जीभेसारखा पाय बाहेर काढतो, वाळूत रोवतो आणि झटके देत स्वतःला खाली ओढून घेतो. तांब्यासारखा धातू किंवा तेल मुरलेल्या गाळात तोच शिंपला रेंगाळतो, अर्धवट पुरला जातो, कधी पुन्हा वर येतो. १९८०च्या सुमारास अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या लिटलनेक जातीच्या शिंपल्यांवर असे प्रयोग झाले. तेलकट वाळूत ते उथळ बसले आणि डंजनेस जातीच्या खेकड्यांनी त्यांचा जास्त फडशा पाडला. म्हणजे मारलं खेकड्याने, पण हाती दिलं तेलाने!

पाण्यातच विष आलं तर शिंपला झडपा (कवचाचे दोन भाग) मिटून बसतो. पण मिटून किती वेळ राहणार? खायचं-श्वास घ्यायचं तर उघडावंच लागतं.

आणि हो, तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की वाळू निघते, मांसात साठलेलं शिसं-कॅडमियम नाही.