जर्मनीत एक सेमिस्टर (एम.एस्सी. रसायनशास्त्र): तारखा, क्रेडिट, लॅब

काचनळी

एम.एस्सी. सेंद्रिय रसायनशास्त्र, पुणे. सध्या दुसरं सेमिस्टर चालू आहे. विभागाचा एका जर्मन विद्यापीठाशी करार आहे, त्यामुळे फी इकडचीच. सर म्हणतात, तिसरं सेमिस्टर तिकडे कर. पण तिकडचं सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि आपलं जुलैत. मग हे जुळवायचं कसं? तिकडचे क्रेडिट इथे धरतात का? लॅबमध्ये नेमका काय फरक असतो? पैशांचाही अंदाज हवा आहे. जाणकारांनी सांगावे.

धूळपाटी

तिसरं सेमिस्टर नकोच. तिकडचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे इथलं तिसरं बुडतं आणि चौथंही अर्धं हातचं जातं. उन्हाळी सत्र १ एप्रिलपासून, तासिका जुलैपर्यंत. तेही आपल्या कॅलेंडरला तिरकंच बसतं.

तुमच्या चौथ्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असेल तर तो तिकडे करा. संशोधन गट तासिकांच्या वेळापत्रकावर चालत नाहीत. जानेवारीत रुजू होऊन जूनमध्ये परत येता येतं. त्यासाठी तिथल्या प्राध्यापकांना आताच ईमेल करा. विषय, आठवडे आणि रोजचे तास त्यांच्याकडून लिहून घ्या.

क्रेडिटचा घोळ असा: तिकडचा १ ईसीटीएस (युरोपातलं क्रेडिट) म्हणजे २५ ते ३० तास, आणि त्यात घरचा अभ्यासही धरलेला. आपल्याकडे थिअरीचे १५ किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास म्हणजे १ क्रेडिट, तेही वर्गात किंवा लॅबमध्ये बसलेले तास. तिकडे पूर्ण सेमिस्टर ३० ईसीटीएसचं, तुमच्याकडे बहुधा २२ क्रेडिटचं. एकास एक धरून १५ ईसीटीएस घेऊन आलात, तर परीक्षा विभाग अकराच मोजेल आणि तेच बरोबर असेल. 'लर्निंग अॅग्रीमेंट'वर (तिकडे कोणते विषय घेणार आणि इथे ते कसे धरणार, याचा करार) तुमची आणि दोन्ही विद्यापीठांची, अशा तिन्ही सह्या विमानात बसण्याआधी झाल्या पाहिजेत. प्रत्येक विषयाचं मोडुलहांडबुखमधलं (अभ्यासक्रमाच्या माहिती-पुस्तिकेतलं) पान त्याला जोडा. आल्यावर बघू, असं कोणी म्हणालं तर ते बघणं होत नाही.

रिफ्लक्स

लॅबबद्दल लिहितो. पहिल्या दिवशी सुरक्षा-प्रशिक्षण असतं. त्याची सही नसेल तर लॅबच्या टेबलापाशी उभंही राहू देत नाहीत. अभ्यासक्रमातल्या प्रॅक्टिकलला प्रयोगाआधी आनटेश्टाट, म्हणजे छोटी तोंडी परीक्षा. अभिक्रियेची यंत्रणा (मेकॅनिझम) आणि मोलचे हिशेब विचारतात, शिवाय प्रत्येक रसायनाचा धोका आणि ते सांडलं तर काय करायचं तेही. नापास झालात तर त्या दिवशीचा प्रयोग गेला. जर्नल फेअर करून लिहायची आपली सवय तिथे सोडा. नोंदी जागच्या जागी, पेनने. चुकलं तर एकच रेघ मारायची, व्हाइटनर नाही.

आपली मुलं सर्वाधिक अडखळतात ती कचऱ्यात. बेसिनमध्ये काहीही ओतायचं नाही. क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन हॅलोजनच्या (क्लोरीन वगैरे असलेल्या) कॅनमध्ये. हेक्झेन, एथिल अॅसिटेट बिनहॅलोजनच्या. कारण हॅलोजन जाळल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, म्हणून त्याची भट्टी वेगळी आणि खर्चही जास्त. नायट्रिक आम्ल सेंद्रिय कॅनमध्ये गेलं तर वायू साठून कॅन फुटतो. अॅसिटोन आणि क्लोरोफॉर्म एकत्र असताना त्यात अल्कली पडली तर मिश्रण उसळतं. सिलिकाचा घन कचरा निराळा.

रोटाव्हेपरला (कमी दाबावर द्रावक उडवायचं यंत्र) इथे अॅस्पिरेटर (नळाच्या पाण्यावर चालणारा निर्वात-पंप) आणि अंदाज. तिथे दाब मिलिबारमध्ये लावतात. बाथ ६०, वाफ ४०, शीतक २० अंश असा हिशेब धरला तर एथिल अॅसिटेटला सुमारे २४० मिलिबार, टोल्यूईनला ७७, पाण्याला ७२. डायक्लोरोमिथेनला निर्वात लागतच नाही. दाब एकदम उतरवला तर द्रावण उसळून वरच्या भागात जातं, मग सगळं धुऊन काढत बसावं लागतं.

काचनळी

इथला एप्रन आणि ग्लोव्हज चालतील का? चष्मा आहे.

रिफ्लक्स

एप्रन शंभर टक्के सुती, पूर्ण बाह्यांचा असेल तर चालेल. टेरिकॉट नको, आगीत वितळून अंगाला चिकटतं. चष्म्यावरून घालायचा सुरक्षा-चष्मा मिळतो, साधा चष्मा धरत नाहीत. ग्लोव्हज तिथे मिळतात, बहुधा नायट्राइलचे. डायक्लोरोमिथेन त्यातून मिनिट-दोन मिनिटांत आत येतं, तेव्हा शिंतोडा उडाला की लगेच बदला.

हिशेबी

पैसा. ९० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर शेंगेन (अल्प मुक्कामाचा) नव्हे, राष्ट्रीय व्हिसा लागतो. ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाची आगाऊ ठेव) महिना ९९२ युरोच्या दराने (वर्षाचे ११,९०४). हा पैसा तुमचाच असतो, तिथे गेल्यावर महिन्याच्या हप्त्याने मिळतो. करारात ट्यूशन फी माफ असली तरी 'झेमेस्टरबाइट्राग' (सेमिस्टरचं शुल्क) बहुतेक ठिकाणी भरावा लागतो. आरोग्य विमा वेगळा. वर हाफ्टफ्लिख्ट, म्हणजे तुमच्या हातून झालेल्या नुकसानीचा विमा. घेताना त्यात चाव्या हरवणं येतं का ते वाचा. लॅबची चावी हरवली तर मजल्याची कुलपं बदलून बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

खोली मिळाल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी). त्यासाठी घरमालकाचं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग (तुम्ही राहायला आल्याचा दाखला) लागतं, नुसता भाडेकरार पुरत नाही. नोंदणी झाली की रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं: महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. ही फसवणूक नाही, फेकू नका. शुल्क घरामागे एक असतं, त्यामुळे सामायिक फ्लॅटमध्ये कोणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क-क्रमांक कळवून मोकळे व्हा. परत येताना आब्मेल्डुंग (पत्त्याची नोंदणी रद्द) करा आणि या शुल्काचं खातंही बंद करा, नाहीतर पत्रं येत राहतात. डॉइचलांडटिकेट (देशभर स्थानिक बस-रेल्वेला चालणारा मासिक पास) घेतलंत तर रद्द करायची मुदत त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत. ११ ला आठवलं की पुढचा महिनाही भरायचा.

धूळपाटी

एक राहिलं. तिकडे १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. इथल्या कारकुनाला १.३ म्हणजे दहापैकी सव्वा वाटू शकतं. रूपांतराचं सूत्रही लर्निंग अॅग्रीमेंटसोबत मंजूर करून घ्या. बव्हेरियन सूत्र (परदेशी गुणांची जर्मन श्रेणी काढायचं) उलटं लावलं, कमाल १० आणि पास ४ धरलं, तर २.३ चे होतात ७.४. प्रोजेक्टला श्रेणी न देता नुसतं 'उत्तीर्ण' लिहून देतात असंही होतं, त्याचे गुण इथे कसे धरणार ते आधी विचारा.

काचनळी

सोमवारी सरांना चौथ्या सेमिस्टरबद्दल विचारतो. मोडुलहांडबुख विद्यापीठाच्या साइटवर सापडलं, पण जर्मनमध्येच आहे.

धूळपाटी

मास्टर्सचं इंग्रजीतही असू शकतं, विभागाच्या पानावर शोधा. नसेल तर त्यांच्या इंटरनॅशनल ऑफिसकडे मागा; तुम्ही केलेलं भाषांतर परीक्षा विभाग धरणार नाही.