पिवळी आयसी टाकून पासपोर्ट घ्या म्हणणाऱ्यांना

झाडीपट्टी:
काल दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "गोंदियातल्या गोठणगावचे तिबेटी १९७२ पासून महाराष्ट्रात आहेत, पोरं फाडफाड मराठी बोलतात. नागरिकत्व घेऊन मोकळं व्हायला यांना काय होतं? निर्वासित राहण्यात फायदा असेल म्हणूनच राहतात." खाली "अगदी बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग. संताप आला म्हणून सविस्तर लिहितोय.

कसला फायदा? आरसीवर, म्हणजे परदेशी म्हणून केलेल्या नोंदणीच्या दाखल्यावर, जगणाऱ्याला सरकारी नोकरी नाही. अरुणाचलला जायचं तर भारतात जन्मूनही परदेशी माणसाचं परमिट. परदेशी जायचं तर पिवळी आयसी, म्हणजे पासपोर्टऐवजी भारत सरकारने दिलेली ओळखीची वही, आणि तीवर परतीची परवानगी नसेल तर गेलेला माणूस परत येताना अडकतो. विमानतळावरच्या काउंटरवर बसलेल्याने ती वही बहुतेक वेळा पाहिलेलीच नसते. तो ती उलटसुलट करतो, वरिष्ठाला हाक मारतो, मागे रांग तुंबते.

आता "मोकळं व्हायचं" म्हणजे काय ते बघा. जून २०१७ मध्ये पासपोर्टसाठी अटी आल्या: आरसी आणि आयसी रद्द करून आणा, वसाहतीत राहत नाही असं दाखवा, धरमशालेच्या निर्वासित तिबेटी प्रशासनाकडून कुठलाही लाभ किंवा सवलत घेत नाही असं लिहून द्या. वसाहतीतली जमीन कुणाच्या सातबाऱ्यावर नसते. २०१४ च्या पुनर्वसन धोरणातही भाडेपट्टा तिबेटी मदत समितीशीच आहे, प्रत्येक कुटुंबाशी वेगळा नाही. म्हणजे मुलाने पासपोर्ट घ्यायचा आणि आईबापांच्या घरातून बाहेर पडायचं. हे त्या माणसाला ठाऊक होतं का?

कलम_तीन:
तळमळ पोचली, पण मांडणी चुकली. नागरिकत्व "घ्यायचा" प्रश्नच नाही, ते आहेच. २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक, आईबाप कुणीही असोत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, २०१६ मध्ये पुन्हा सांगितलं. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये अशा तिबेट्यांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितली.

आणि पुढची पायरी सगळे विसरतात. १ जुलै १९८७ ते ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्म असेल तर आई किंवा वडील नागरिक असले तरी पुरे. आई १९६८ मध्ये कर्नाटकातल्या बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत जन्मली असेल तर तिची १९९५ ची मुलगीही नागरिक. हा हक्क वापरू नका असं तरुण पोरांना सांगणं म्हणजे त्यांचं नुकसान करणं आहे.

मीठ_लोणी_चहा:
हक्क आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे का? २००९ च्या तिबेटी जनगणनेत निर्वासित एकूण १,२७,९३५, त्यातले ९४,२०३ भारतात. एवढ्याशा लोकांनी शाळा, मठ, मेन-त्सी-खांग ही तिबेटी वैद्यकाची संस्था, ४५ जणांची निर्वासित संसद उभी ठेवली ती वसाहती आहेत म्हणून. बैलकुप्पे, मुंडगोड, गोठणगाव रिकामे झाले की लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या, तोंडावर गुथुक सूपच्या पातेल्याभोवती बसायला उरणार कोण? आपण भारतीय होऊन गेलो तर तिबेटचा प्रश्न संपला असं बीजिंग उद्याच जाहीर करेल.

कलम_तीन:
मग त्याच संसदेत उत्तर अमेरिकेचे २ आणि युरोपचे २ सदस्य कसे? त्यांना निवडून देणाऱ्यांत अमेरिकेचे, स्वित्झर्लंडचे नागरिक झालेले कितीतरी आहेत. ते निर्वासित प्रशासनाचं हिरवं पुस्तक बाळगतात, छत्रेल ही ऐच्छिक वर्गणी भरतात, मत देतात. त्यांचं तिबेटीपण टिकतं आणि गोंदियातल्या पोराचं मात्र भारतीय पासपोर्टने बुडतं?

मीठ_लोणी_चहा:
त्यांच्या पायाखाली वसाहत नाही, त्यामुळे सोडायलाही काही नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका तागडीत टाकताय.

जुना_कारकून:
तुमचं भांडण चालू द्या, पण खरा अडथळा कायदा नाही, अर्जातला नावाचा रकाना आहे. तिबेटी माणसाला सहसा आडनाव नसतं. वडील पासांग दोरजे, आई यांगचेन ल्हामो, मुलगी तेन्झिन डोल्मा. आता अर्जात "आडनाव" भरलंच पाहिजे म्हटल्यावर डोल्मा आडनाव होतं आणि बँकेतली बाई विचारते, वडिलांचं आडनाव दोरजे कसं? आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. कुणी डोल्मा तेन्झिन पासांग लिहितं, कुणी दोरजे तेन्झिन डोल्मा. आरसीवर मात्र दोनच शब्द. एका मुलीच्या तीन कागदांवर तीन मुली.

रेवती:
पासपोर्टच्या अर्जात आडनाव कोरं ठेवता येतं की. दोन्ही शब्द पहिल्या रकान्यात लिहायचे.

जुना_कारकून:
ताई, येतं. पण मग अमेरिकेच्या व्हिसावर अख्खं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी "एफएनयू", म्हणजे "पहिलं नाव अज्ञात", छापून येतं. ते पुढे तिकिटावर, बँकेत, सगळीकडे चिकटतं. दुसरा शब्द आडनावात टाकणं त्यातल्या त्यात बरं, पण मग तो सगळ्या कागदांवर तसाच हवा.

शांगरी:
एक घराण्याचं आडनाव ठरवा आणि विषय मिटवा! जुन्या तिबेटात घराण्याची नावं होतीच. १९४८ मध्ये व्यापारी शिष्टमंडळ घेऊन तिबेटी अधिकारी शाकब्पा अमेरिकेला गेले ते तिबेट सरकारच्या पासपोर्टवर. शाकब्पा हे घराण्याचंच नाव.

मीठ_लोणी_चहा:
ती ल्हासाच्या जमीनदार घराण्यांची चाल. चांगथांग पठारावरच्या पशुपालकाच्या नातवाने खोटं घराणं का लावायचं? दलाई लामांनी दिलेलं तेन्झिन पुसून कारकुनाच्या सोयीचं नाव घ्या म्हणणं अपमानास्पद आहे. शब्द मागे घ्या.

शांगरी:
अपमान करायचा नव्हता. पण एका वर्गात दहा तेन्झिन असतात आणि दाखल्यांची अदलाबदल होते, ही अडचण तुमच्या रागाने सुटत नाही.

जुना_कारकून:
नावापेक्षा जन्मतारीख जास्त घात करते. म्हातारी माणसं वर्ष सांगतात ते तिबेटी पंचांगातलं, प्राण्याचं आणि तत्त्वाचं, उदाहरणार्थ अग्नि-ससा. जन्मतःच मूल एक वर्षाचं, आणि लोसारला सगळ्यांचं वय एकाने वाढतं. लोसारच्या महिनाभर आधी जन्मलेलं बाळ महिन्याभरात "दोन वर्षांचं" होतं. कुणीतरी सांगितलेल्या वयावरून वजाबाकी करून १ जानेवारी लिहितं आणि तीच तारीख आरसीवर पक्की होते.

आता कलम_तीन यांची १ जुलै १९८७ ही रेघ घ्या. अग्नि-ससा वर्ष १९८७ च्या लोसारला सुरू झालं, १९८८ च्या लोसारला संपलं. रेघ बरोबर त्याच्या पोटातून जाते. "ससा वर्षातला जन्म" एवढंच ठाऊक असेल तर माणूस रेघेच्या अलीकडे की पलीकडे? घरात बाळंतपण झालेलं, ग्रामपंचायतीत नोंद नाही. उशिराची नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि ते पुरावा मागतात तो शाळेच्या दाखल्याचा, ज्यावर १ जानेवारी आहे.

कलम_तीन:
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. न्यायालयात गेलेल्यांकडे कागद चोख होते, सगळ्यांकडे ते नसतात, एवढं मान्य. हक्क नाही असं मात्र म्हणू देणार नाही.

झाडीपट्टी:
हक्क मलाही मान्य आहे. पण मूळ वाक्य होतं "फायद्यासाठी निर्वासित राहतात", आणि इतक्या प्रतिसादांत त्याचं समर्थन कुणालाच करता आलेलं नाही.

रेवती:
कारकूनदादा, भावाच्या आरसीवर वडील "डोर्जी" आणि बहिणीच्या आरसीवर "दोरजे" असं असेल तर आधी काय दुरुस्त करायचं?

जुना_कारकून:
आधी वडिलांचा स्वतःचा कागद काढा, त्यावरचं इंग्रजी स्पेलिंग पक्कं धरा. मग दोन्ही मुलांच्या आरसी त्याप्रमाणे करून घ्या, नूतनीकरणाची वाट न बघता. शाळेचा दाखला त्यानंतर. आधी दाखला बदललात तर तो आरसीशी जुळणार नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रतिज्ञापत्रात दोन्ही स्पेलिंगं लिहून "ही एकच व्यक्ती" असं स्पष्ट म्हणा, आणि मूळ प्रत कुणाला देऊ नका.