पाळी जातानाचा थकवा: हार्मोन्स घ्यायला एवढं का घाबरायचं?

सातवी_ब

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तिसऱ्या तासाला माझा हात फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत उचलेना. दुखत नव्हता, नुसतं त्राण नव्हतं. वय ४८, पाळी तीन-चार महिन्यांतून कधीतरी. रात्री अडीचच्या सुमारास छातीतून वाफ वर चढायची. गाऊन चिंब. उशीवर टॉवेल टाकून पुन्हा पडलं की आता हुडहुडी. पाचला उठून डबे. चार महिने हे अंगावर काढलं. घराजवळच्या डॉक्टरांनी "वय झालं, चालायचंच" म्हणून टॉनिक लिहून दिलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या गायनॅककडे गेले. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर, मला कधी पायात गुठळी, सगळं विचारलं. बीपी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी झाली. मग दंडाला चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी सुरू केली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी दूधवाल्याच्या बेलने जाग आली. मधे एकदाही उठले नव्हते. आता फळा भरून लिहिते.

आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या वयाच्या सहा जणी आहेत. एकीलाही हा उपचार कुणी सांगितलेला नाही. सगळ्यांनी ऐकलंय ते एवढंच की "त्याने कॅन्सर होतो". ही धास्ती अमेरिकेतल्या २००२ सालच्या एका अभ्यासाची. त्यातला आकडा असा, की गोळ्या घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे आठ रुग्ण जास्त. तेवढ्यावरून एका अख्ख्या पिढीला काही सांगायचंच नाही, हे मला पटत नाही. पाळी जाताना गळून गेलेल्या प्रत्येक बाईला डॉक्टरांनी आपणहून हार्मोन्सबद्दल सांगावं, असं माझं ठाम मत आहे.

रक्ततपासणी

ताई, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे, पण "थकलेल्या प्रत्येक बाईला" याला माझा विरोध आहे. हे थकव्याचं औषध नाही. अंगातून वाफा येणं, रात्रीचा घाम, योनीचा कोरडेपणा, हाडं ठिसूळ होऊ नयेत, यासाठी ते देतात. तुमचा घाम थांबला, झोप परत आली, म्हणून थकवा गेला. जी रात्रभर शांत झोपते आणि तरी सकाळी उठवत नाही, तिला जेल काय करणार?

मी एकवीस वर्षं लॅबमध्ये काम करते. पाळी जाण्याआधीची दोन-चार वर्षं अनेकींच्या अंगावरून खूप जातं. बायका त्याला "आता जायचीच आहे" म्हणतात आणि सोडून देतात. माझंच सांगते. ४६व्या वर्षी जिना चढताना दोन मजल्यांमध्ये दोनदा थांबायचे. मैत्रिणींनी मेनोपॉजच ठरवला होता. स्वतःचंच रक्त स्वतःच्या मशीनवर लावलं तर हिमोग्लोबिन जेमतेम ७.४. गर्भाशयात गाठ होती, महिन्यातले दहा दिवस जात होतं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या नळ्या फिरवत होते आणि माझी नळी भरायला मला आठ महिने लागले. हार्मोन्स घेऊन गप्प बसले असते तर?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे आपल्याकडे थकलेली बाई समोर आली की पहिला संशय रक्तावर घ्यायचा. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी१२ जीवनसत्त्व, साखर. हिमोग्लोबिन ठीक असतानाही साठवणीतलं लोह संपलेलं असू शकतं, म्हणून फेरिटिन. आणि घोरणं असेल तर झोपेची तपासणी. पाळी गेल्यावर बायकांतही झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण वाढतं, त्याकडे कुणी बघतच नाही.

मोगरा_अंगणातला

आमच्या आई-आज्यांनी कुठे हार्मोन्स घेतले होते? निसर्गाने पाळी आणली, निसर्गच नेतो. सकाळी तासभर चालणं, नाचणी, तीळ, वेळेवर झोप. माझं यातच निभावलं. निरोगी बाईला वर्षानुवर्षं औषधावर ठेवणं मला योग्य वाटत नाही.

सातवी_ब

मोगराताई, चालणं-नाचणी मीही सोडलेलं नाही. पण माझी आई पन्नाशीत दुपारी मागच्या पायरीवर ओला पदर मानेभोवती गुंडाळून बसायची आणि आम्ही पोरं म्हणायचो, आई हल्ली चिडचिडी झाली. तिने निभावलं ते दुसरा रस्ता नव्हता म्हणून. तुमचं सहज निभावलं हे चांगलंच, सगळ्यांचं तसं होत नाही.

घाटावरची

मला या धाग्यातला तो "दहा हजारांत आठ" वाचवला नाही. माझी आई ५७व्या वर्षापासून चार वर्षं इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेत होती. पाचव्या वर्षी डाव्या स्तनात गाठ. गोळ्यांमुळेच झाली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण केमोच्या खुर्चीत ती मला दर वेळी एकच विचारायची, "मी त्या गोळ्या घेतल्या नसत्या तर?" मी आता ४७ची आहे, रात्री भिजते, दिवसा पेंगते. मला कुणी कितीही आकडे दाखवले तरी मी घेणार नाही. माझ्या नकाराला अज्ञान म्हणू नका, एवढंच.

प्रसूतीकक्ष

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. घाटावरची, तुमच्या नकाराला अज्ञान कुणी म्हणू नये. वाफांसाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा, नुसतं सोसत राहू नका.

आता त्या अभ्यासाबद्दल, कारण निम्मा वाद त्यावरच चाललाय. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायका, वयं ५० ते ७९, सरासरी ६३. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. गोळ्या घोड्याच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या आणि सोबत कृत्रिम प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध. जुलै २००२ मध्ये हा भाग थांबवला. दहा हजारांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे आठ, पक्षाघाताचे आठ, फुफ्फुसातल्या गुठळीचे आठ, हृदयविकाराचे सात रुग्ण जास्त. मांडीचं हाड मोडण्याचे पाच कमी. ज्यांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली होती त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. पण तोवर जगभर ही औषधं लिहून देणं खूपच कमी झालं होतं. ६३ वर्षांच्या बाईचा निष्कर्ष ४८ वर्षांच्या बाईला जसाच्या तसा लावला गेला, ही खरी चूक.

आज आम्ही साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरुवात करतो. त्वचेतून दिलेल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका गोळीसारखा वाढताना दिसत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरच्या ठळक चौकटीतल्या बहुतेक इशाऱ्यांना रजा देण्याचा निर्णय जाहीर केला. याचा अर्थ सरसकट द्या असा मात्र नाही. गर्भाशय असेल तर प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर त्याच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, यकृताचा मोठा आजार असेल तर सहसा देत नाही. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंबही दिसला तर आधी त्याचा तपास.

थकव्याच्या मुद्द्यावर मी रक्ततपासणी यांच्याच बाजूची. मी पहिला प्रश्न झोपेचा विचारते, दुसरा रक्तस्रावाचा.

पाथर्डी_रोड

तुमचं सगळं वाचलं. मी बीड भागात ऊसतोड कामगार बायकांसोबत काम करते. इथे घ्यायचं की नाही हा प्रश्न येतच नाही.

२०१९ मध्ये पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेकींचं वय तिशीचं. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी. एका दिवसाचा खाडा झाला तर मुकादमाने दिलेल्या उचलीतून, म्हणजे आगाऊ रकमेतून, पैसे कापतात. म्हणून पाळीची कटकटच नको.

माझ्या माहितीतली एक जण, वय ३३, ऑपरेशनला पाच वर्षं झाली. मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढताना मधेच थांबते. म्हणते, "अंगातलं पाणी आटलंय बाई." रात्री पालात ओलीचिंब होते. बीजकोशही काढले का, हे तिला ठाऊक नाही. तिच्या कार्डावर नुसतं "गर्भाशय शस्त्रक्रिया" लिहिलंय. तिने कधी "मेनोपॉज" हा शब्द ऐकलेला नाही. रक्ततपासणीताई, तिचं हिमोग्लोबिन आम्ही शिबिरात तपासलं, ११.८ आलं, म्हणजे फारसं कमी नाही. तुमची यादी तिथे संपते का?

रक्ततपासणी

नाही संपत. हिच्या बाबतीत मी माघार घेते. ३३व्या वर्षी रात्री घाम येत असेल तर हार्मोन्सचाच विचार आधी व्हायला हवा. टीएसएच तेवढं बघून घ्या.

प्रसूतीकक्ष

बीजकोश गेले असतील तर एका दिवसात पाळी गेल्यासारखं होतं. अशा बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, पाळी नैसर्गिकपणे जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन्स द्यावेत हेच सर्वमान्य आहे. तेही थकव्यासाठी नाही, तिच्या हाडांसाठी आणि हृदयासाठी. पिशवी नसल्यामुळे सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. ऑपरेशनची नोंद आणि काढलेल्या भागाचा बायॉप्सी रिपोर्ट मागा, बीजकोश काढले असतील तर त्यात त्यांचा उल्लेख असतो. रुग्णालय देत नसेल तर सोनोग्राफी आणि रक्तातली एफएसएच तपासणी (बीजकोश काम करतात का ते सांगणारी) जिल्हा रुग्णालयात होते का बघा.

सातवी_ब

मी माझं वाक्य बदलते. "थकलेल्या प्रत्येक बाईला" नको, "घामाने जागी होणाऱ्या प्रत्येक बाईला" सांगावं. जुनी फाइल काढली, माझं फेरिटिन कुणी केलेलंच नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की रक्त देऊन येते. पण "वय झालं" म्हणून घरी पाठवण्यावरचा माझा राग तसाच आहे. पाथर्डी_रोड, त्या बाईंच्या सोनोग्राफीचा खर्च आम्ही स्टाफरूममधल्या सहा जणी मिळून करू. कधी जमेल?

पाथर्डी_रोड

टोळी सध्या कर्नाटकात आहे, गाळप संपल्यावर परत येईल. आत्ताच फोनवर बोलले. कागद गावी, सासूच्या पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत आहेत म्हणाली. सासूला विचारून मी उद्या पेटी उघडते.