पाळणाघरात पाळणा कुठे असतो?

– भाचीला आणायला गेलो होतो. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर ओळीने झोपलेली सात-आठ पोरं, आणि खिडकीपाशी दुसरीतला एक मुलगा पाढे लिहीत बसलेला. पाळणा औषधालाही नाही! मग हे पाळणाघर कसं?

– पाळणा गेला, नाव राहिलं. तारा थांबल्या तरी जुनी माणसं तारघरच म्हणायची, तसंच. गंमत म्हणजे पाळणाघराला फ्रेंचमध्ये क्रेश म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ गव्हाण. नाताळच्या देखाव्यात बाळ येशूला निजवतात ती. कष्टकरी बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी पॅरिसमध्ये १८४४ साली फिर्मँ मार्बो यांनी जे घर काढलं, त्याला हे नाव मिळालं. म्हणजे बाळ जिथे निजतं त्या वस्तूवरून जागेचं नाव, त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही.

पाळणा हा शब्द 'पाल्' धातूतला, म्हणजे रक्षण करणे, जोपासणे. पालक, पालनपोषण यांत ल तसाच राहिला. पाळणा, पाळणे यांत त्याचा ळ झाला. पण आज आपण कोंबड्या पाळतो, पथ्य पाळतो. मूल मात्र सांभाळतो. 'मूल पाळलं' म्हटलं तर कानाला खटकतं. पाळण्याचा तो जुना, मायेचा अर्थ पाळणाघरात टिकून आहे असं मला वाटतं.

– मग बालवाडी, अंगणवाडी?

– ती वेगळी. तिथे शिकवणं आलं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. ती अंगणवाडी. १९७५ च्या सरकारी योजनेमुळे हा शब्द देशभर गेला. शिशुगृह म्हटलं की अनाथ बाळांची संस्था डोळ्यांपुढे येते, त्यामुळे पाळणाघराला तो शब्द वापरू नये.

– आमच्याकडे पाटी 'पाळणाघर'ची होती तोवर फी बेताची होती. 'डे-केअर' झाल्यावर दीडपट! सतरंजी तीच.

– आणि बोलताना यातलं काहीच कोणी म्हणत नाही. पोरगं कुठे ठेवता विचारलं की उत्तर येतं, 'काकूंकडे'.